एकमेकांत गुंतलेल्या रोमँटिक सस्पेन्स मालिका कुठल्या क्रमाने वाचाव्यात?

ताई, तुम्ही लिहिलंय की जळगावला जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात सुझान ब्रॉकमनचं 'गॉन टू फार' हाती लागलं. साठेक पानं वाचून झाली, पण त्यातली माणसं तुमची जुनी ओळख असल्यासारखी वागताहेत आणि संदर्भ लागत नाहीत. आता तसंच पुढे वाचावं की पहिल्यापासून सुरुवात करावी? आणि पहिल्यापासून म्हणजे अख्खी मालिका वाचावी लागेल का?

माझं स्पष्ट मत: ते पुस्तक आत्ता मिटून ठेवा. नेमकं तेच पुस्तक आधी वाचलं तर सगळ्यात जास्त नुकसान होतं. 'ट्रबलशूटर्स' मालिकेतलं हे सहावं. या मालिकेत प्रत्येक पुस्तकाची जोडी वेगळी असते, त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी चालेल असं वाटतं. पण अमेरिकी नौदलाच्या सील या खास कमांडो पथकातला सॅम स्टॅरेट आणि एफबीआयची अलिसा लॉक यांची गोष्ट एका पुस्तकात मावलेली नाही. ती २००१ च्या 'द डिफायंट हिरो'मध्ये दुसऱ्या जोडीच्या आडोशाने सुरू होते, पुढच्या पुस्तकांत तुटते, बिघडते, आणि २००३ च्या 'गॉन टू फार'मध्ये तिचा निकाल लागतो. दोघं एकमेकांशी इतकं जपून, इतकं दुखऱ्या सुरात का बोलतात याचं कारण त्या आधीच्या पानांत आहे. ते माहीत नसेल तर दोन चिडलेली माणसं एवढंच दिसतं.

मग किती वाचायचं? वेळ आणि पैसे दोन्ही बेताचे असतील तर 'द डिफायंट हिरो', 'ओव्हर द एज', 'इनटू द नाइट' आणि मग तुमच्याजवळचं पुस्तक. यातलं 'इनटू द नाइट' (२००२) गाळू नका. त्यातली मुख्य जोडी वेगळी असली तरी मेरी लू या बाईच्या बाबतीत तिथे जे घडतं, त्यावरच 'गॉन टू फार'चं रहस्य उभं आहे. चौथं, 'आउट ऑफ कंट्रोल', मजेचं आहे, पण ते मागाहून वाचलं तरी या धाग्याचं काही बिघडत नाही. पहिलं 'द अनसंग हिरो' (२०००) मिळालं तर अर्थातच तिथूनच सुरुवात करा. पथकाचा प्रमुख टॉम पाओलेट्टी कसा माणूस आहे हे तिथे कळतं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या दोन मित्रांची एक गोष्ट त्यात अशी विणली आहे की मला त्या पुस्तकात तीच सगळ्यात जास्त आवडते.

सहाव्यानंतर दम घ्यायला जागा आहे. २००४ च्या 'फ्लॅशपॉइंट'पासून टॉमने काढलेली खासगी कंपनी पुढे येते आणि मालिकेला नवं वळण लागतं. नव्या वाचकासाठी हे दुसरं दार आहे. तिथून पुढे एफबीआयचा मॅक्स भगत आणि जीना या जोडीचा धागा धरून ठेवा (भगत हे आडनाव वाचून आपले कान टवकारतातच). तो 'ओव्हर द एज'मधल्या विमान अपहरणापासून निघतो आणि २००५ च्या 'ब्रेकिंग पॉइंट'पर्यंत येतो. म्हणजे 'ओव्हर द एज' तुम्हाला दोनदा कामी येतं.

आता मूळ प्रश्न. प्रकाशनाचा क्रम धरावा की गोष्टीतल्या काळाचा? या प्रकारच्या कादंबरीत प्रेम आणि रहस्य अशा दोन दोऱ्या एकत्र वळलेल्या असतात आणि क्रम चुकला तर दोघींचं सारखं नुकसान होत नाही. प्रेमाचा शेवट गोड होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. पुढच्या पुस्तकात आधीची जोडी कडेवर मूल घेऊन दिसली तरी फार बिघडत नाही, कारण त्यांचं जमतं कसं यात गोडी असते. रहस्याचं तसं नाही. गुन्हेगार कोण, फितूर कोण, कोण मेलं, हे पुढच्या पुस्तकात कुणीतरी चहा पिता पिता एका वाक्यात बोलून जातं, कारण त्या पात्रांसाठी ती जुनी बातमी असते. लेखिकेने माहिती ज्या क्रमाने उघड केली, तो क्रम म्हणजे प्रकाशनाचा क्रम. म्हणून शंका असेल तेव्हा तोच धरावा. काळाच्या क्रमाने वाचायचं असेल तर ते दुसऱ्या वाचनाला ठेवावं.

आपल्याला हे नवं वाटतं, कारण मराठीत आपली सवय वेगळी आहे. सुहास शिरवळकरांचा मंदार पटवर्धन किंवा दारा बुलंद वाचनालयाच्या कपाटातून कुठलाही उचलला, रात्रीत संपवला, परत केला. नायक तोच, प्रकरण नवं. तीच सवय घेऊन आपण या मालिकांकडे जातो.

मालिका कुठल्या जातीची आहे हे मात्र आधी ओळखावं लागतं. नोरा रॉबर्ट्सने जे. डी. रॉब या नावाने लिहिलेली 'इन डेथ' मालिका घ्या. १९९५ च्या 'नेकेड इन डेथ'पासून आजवर तिची साठच्या आसपास पुस्तकं झालीत, आकडा ऐकूनच धडकी भरते. पण गोष्ट २०५८ सालच्या न्यूयॉर्कमध्ये सुरू होते आणि एवढ्या पुस्तकांत जेमतेम काही वर्षं पुढे सरकते. जोडीही एकच, ईव्ह डॅलस आणि रोर्क. पहिली तीन ओळीने वाचा, त्यांच्या नात्याचा पाया तिथे रचला जातो. पुढे जे मिळेल ते वाचलं तरी चालतं, कारण गुन्हा बहुतेक वेळा त्या त्या पुस्तकातच संपतो. कॅरन रोझच्या 'डाय फॉर मी' (२००७), 'स्क्रीम फॉर मी' (२००८) आणि 'किल फॉर मी' (२००९) या तिघांत अशी मोकळीक अजिबात नाही. पहिल्यातलं गुपित दुसरं पुस्तक गृहीत धरूनच चालतं, आणि दुसरं जिथे थांबतं तिथूनच तिसरं सुरू होतं. दुसरं आणि तिसरं दोन्ही हाताशी असल्याशिवाय दुसरं उघडूच नका.

सगळ्यात चकवणारा प्रकार जेन अ‍ॅन क्रेंट्झचा. तिची एक त्रयी तीन नावांवर आहे. 'फायर्ड अप' स्वतःच्या नावाने, 'बर्निंग लॅम्प' अमांडा क्विक या नावाने, 'मिडनाइट क्रिस्टल' जेन कासल या नावाने. पहिलं आजच्या काळात, दुसरं व्हिक्टोरियन लंडनमध्ये, तिसरं भविष्यात. काळाच्या क्रमाने वाचायला गेलात तर मधलं आधी येईल आणि कोडं उलट्या बाजूने सुटेल. लिहिलेल्या क्रमानेच वाचा. दुकानात ही तीन पुस्तकं तीन वेगळ्या कप्प्यांत सापडतील, कारण मांडणारा नावाप्रमाणे मांडतो.

खानदेशात खरी अडचण क्रम कळण्याची नाही, पुस्तकं त्या क्रमाने मिळण्याची आहे. जळगाव, धुळे, भुसावळ, कुठेही जुन्यात सातवं मिळतं आणि तिसरं मिळत नाही. त्यावर मी करते ते सांगते. लेखिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची यादी फोनमध्ये ठेवते आणि ज्या पुस्तकांवर धागा अडतो त्यांच्यापुढे खूण करते. खूण असलेलं नसेल तर ते ई-पुस्तक म्हणून विकत घेते किंवा पुण्या-नाशिकहून येणाऱ्या कुणाला तरी आणायला सांगते. खूण नसलेलं मिळेल तेव्हा. पुढचा भाग स्वस्तात दिसला तर घेऊन ठेवते, पण वाचत नाही.

घेताना मुखपृष्ठावर विसंबू नका. जुनी कादंबरी नव्या कव्हरात पुन्हा छापतात, कधी दोन एकत्र बांधतात, कधी इंग्लंडच्या आवृत्तीचं नावच वेगळं असतं. आतलं कॉपीराइटचं पान उघडा आणि पुनर्मुद्रणाचं नव्हे, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष बघा. यादीत दीड, अडीच असे आकडे दिसले तर त्या बहुधा मधल्या छोट्या कथा असतात. त्या आत्ता सोडल्या तरी चालेल. मागच्या कव्हरवरचा मजकूर मात्र मालिकेच्या मधल्या पुस्तकाचा कधीच वाचू नका, आधीच्या पुस्तकाचं गुपित तिथेच फुटू शकतं.

'द डिफायंट हिरो' मिळेपर्यंत 'गॉन टू फार'मधल्या त्या साठ पानांची काळजी करू नका. त्यातले संदर्भ तुम्हाला लागलेले नाहीत, म्हणून ती तुमच्या लक्षातही फारशी राहणार नाहीत. कुठलं पुस्तक आधी मिळालं ते इथे खाली लिहा, त्याप्रमाणे पुढचा क्रम सांगते.