ब्रिलियंट डायमंड पूर्ण झाल्यावर पोकेमॉन प्लॅटिनम खेळावा का? त्यात नवीन काय आहे?

निंटेंडोच्या स्विच या गेम मशीनवर ब्रिलियंट डायमंड पूर्ण केल्यानंतर, त्याच कथेची सुधारित आवृत्ती म्हणून ओळखला जाणारा पोकेमॉन प्लॅटिनम मुद्दाम शोधून खेळण्याइतके त्यात वेगळे काही आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळ डायमंड आणि त्यानंतर प्लॅटिनम, हे दोन्ही गेम खानापुरात, मडगावच्या मामांनी दिलेल्या जुन्या डीएस लाइट या निंटेंडोच्याच हातातल्या मशीनवर शेवटपर्यंत खेळलो आहे. माझे उत्तर ‘होय, खेळावा’ असेच आहे. मात्र त्याचे कारण बहुतेक लोक सांगतात ते, म्हणजे मुखपृष्ठावरचा गिराटिना हा पोकेमॉन, हे नाही. डायमंडमध्ये जे अर्धवट राहिले होते ते प्लॅटिनममध्ये पूर्ण केले गेले, हे खरे कारण आहे.

डायमंड आणि त्याची जोड-आवृत्ती पर्ल जपानमध्ये 28 सप्टेंबर 2006 रोजी आले आणि प्लॅटिनम जवळपास दोन वर्षांनी, 13 सप्टेंबर 2008 रोजी आला. तुम्ही खेळलेला ब्रिलियंट डायमंड 2021 मधला असला तरी तो 2006 च्या डायमंडवर बेतलेला आहे, आणि मधल्या प्लॅटिनममध्ये झालेल्या बहुतेक सुधारणा त्यात घेतलेल्या नाहीत. म्हणून वयाने जुना असूनही प्लॅटिनममधले पुष्कळ काही तुम्हाला नवीनच असेल.

सर्वांत मोठी सुधारणा पोकेमॉनच्या यादीत आहे. डायमंडच्या सिनोहमध्ये, म्हणजे कथा घडते त्या प्रदेशात, मुख्य कथा संपेपर्यंत 151 पोकेमॉनांची नोंद होती, प्लॅटिनममध्ये ती 210 झाली. हा आकडा नुसता वाचून काही जाणवत नाही. त्याचा अर्थ कळायला एलिट फोरमधल्या, म्हणजे शेवटी हरवायच्या चार कसलेल्या लढवय्यांमधल्या, फ्लिंटची आठवण करावी लागते. हा माणूस अग्नी प्रकाराचा तज्ज्ञ म्हणून मिरवतो, पण डायमंडमध्ये त्याच्या पाच पोकेमॉनांपैकी अग्नी प्रकाराचे फक्त रॅपिडॅश आणि इन्फर्नेप हे दोनच असतात. उरलेल्या तीन जागा स्टीलिक्स, ड्रिफ्ब्लिम आणि लोपनी यांनी भरलेल्या असतात. त्या प्रदेशाच्या यादीत चिमचार आणि पोनिटा ही दोनच अग्नी घराणी असल्यामुळे त्या बिचाऱ्याचाही इलाज नव्हता. तुम्ही सुरुवातीला चिमचार घेतला नसेल, तर पोनिटाच्या मागे गवतातून हिंडण्याची वेळ तुमच्यावरही आली असेल. व्होल्कनरची स्थितीही तशीच होती. विजेच्या जिमचा प्रमुख असूनही त्याच्या चारांपैकी रायचू आणि लक्सरे हे दोनच विजेचे होते आणि त्यांच्या जोडीला अँबिपॉम व ऑक्टिलरी. ब्रिलियंट डायमंडनेही या दोघांच्या टीम तशाच ठेवल्या आहेत.

प्लॅटिनममध्ये हाउंडूम, मॅगमोर्टार, इलेक्ट्रिव्हायर, तसेच ईव्ही आणि तिची सर्व रूपे मुख्य यादीतच आली. त्यामुळे फ्लिंटकडे हाउंडूम, फ्लेरिऑन, रॅपिडॅश, इन्फर्नेप आणि मॅगमोर्टार असे पाचही अग्नीचे पोकेमॉन दिसतात, तर व्होल्कनरकडे जोल्टिऑन, रायचू, लक्सरे आणि इलेक्ट्रिव्हायर. प्लॅटिनममध्ये पहिल्यांदा फ्लिंटसमोर उभा राहिलो तेव्हा, जुन्या सवयीने त्याला सहज हरवू अशा समजुतीत मी होतो, आणि हाउंडूमनेच माझी अर्धी टीम झोपवली. चॅम्पियन सिंथियाच्या बाबतीतला बदल तर फार नेटका आहे. ती वाटेत तुम्हाला टोगेपीचे अंडे देते आणि शेवटच्या लढतीत तिच्या स्वतःच्या टीममध्ये गॅस्ट्रोडॉनच्या जागी टोगेकिस असतो.

एक अडचण मात्र प्लॅटिनमनेही तशीच ठेवली आहे. मॅगमार आणि इलेक्टाबझ यांना त्यांची ठरलेली वस्तू देऊन दुसऱ्या खेळाडूकडे पाठवल्याशिवाय त्यांचे पुढचे रूप मिळत नाही. माझा आतेभाऊ वडगावला राहतो आणि त्याच्याकडे पर्ल होता. मी खानापूरहून रेल्वेने बेळगावला जाऊन, शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटात त्यांच्या पडवीत बसून, माझा मॅगमार त्याच्या मशीनवर पाठवला. रूप बदलते ते घेणाऱ्याच्या स्क्रीनवर. मॅगमोर्टार त्याच्या हातात अवतरला आणि ‘थांब की रे, जरा बघू दे की’ म्हणत त्याने तो तासभर परत केला नाही. शेवटी आत्यांनी मध्ये पडून, कुंद्याची वाटी त्याच्यापुढे ठेवून, माझा पोकेमॉन सोडवला. तुमच्याकडे दुसरे मशीन असलेला आणि भरवशाचा कोणी नसेल, तर हे दोन पोकेमॉन टीममध्ये धरू नका.

आता गिराटिनाकडे येतो. डायमंडमध्ये स्पिअर पिलर या डोंगरमाथ्यावरच्या जागी कथेतला खलनायक सायरस याचा बेत फसतो आणि प्रकरण तिथेच मिटते. प्लॅटिनममध्ये सायरस डायल्गा आणि पाल्किया या दोन दंतकथेतल्या पोकेमॉनांनाही एकदम बोलावतो, तेवढ्यात सावलीतून गिराटिना प्रकट होऊन सायरसलाच ओढून नेतो, आणि त्याच्या मागोमाग सिंथियाबरोबर आपल्यालाही डिस्टॉर्शन वर्ल्ड नावाच्या उलट्यापालट्या जगात उतरावे लागते. तिथे आपण भिंतीवरून चालतो, पाऊल टाकताच जमिनीचे तुकडे वरखाली सरकतात आणि पाण्याला खाली कोसळण्याचे बंधन राहत नाही. गोकाकचा धबधबा पाहत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला त्या पाण्यावरून सर्फ करताना क्षणभर गरगरल्यासारखे होते. या सबंध भागात गिराटिनाशिवाय दुसरा कोणताही रानटी पोकेमॉन अंगावर येत नाही, आणि ती शांतताच मला तिथे सर्वांत जास्त परिणामकारक वाटली. लांबीने मात्र हा भाग लहान आहे. केवळ त्यासाठी गेम घेणाऱ्याची निराशा होऊ शकते.

या जगात गिराटिना त्याच्या मूळ रूपात असतो. बाहेर त्याला त्या रूपात ठेवायचे असल्यास ग्रिसिअस ऑर्ब नावाची वस्तू त्याच्याजवळ द्यावी लागते. नेहमीच्या रूपात त्याचे पायाभूत आक्रमण 100 आणि संरक्षण 120 असते, मूळ रूपात हे दोन आकडे एकमेकांची जागा घेतात, आणि लेव्हिटेट या गुणामुळे भूमी प्रकाराचे हल्ले त्याला लागत नाहीत. त्या बदल्यात वस्तूची जागा कायमची अडते, आणि माझ्या मते तो सौदा नेहमीच फायद्याचा ठरत नाही.

किरकोळ बदल बरेच आहेत, पण त्यांपैकी थोडेच खेळताना जाणवतात. पाण्यावरचा वेग वाढला आहे. डायमंडमध्ये सर्फ करताना होणारी चिडचिड आठवत असेल तर हा बदल किरकोळ म्हणवणार नाही. फँटिनाचे जिम पाचव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आले आहे आणि तिचा 26 लेव्हलचा मिसमॅजियस त्या टप्प्यावर चांगलाच जड जातो. लुकर नावाचा वेषांतर करून फिरणारा गुप्तहेर कथेत जागोजागी भेटतो. नायकाला हिवाळी कोटही मिळाला आहे. मूळ डायमंडमध्ये तो अर्ध्या बाह्यांनी स्नोपॉइंटच्या बर्फातून चालत असे, आणि डिसेंबरच्या पहाटे स्वेटर घालून खानापूर स्टेशनावर गाडीची वाट पाहताना मला त्याची कीव येत असे.

कथा संपल्यानंतरची खरी मेजवानी म्हणजे बॅटल फ्रंटिअर. ब्रिलियंट डायमंडमध्ये तुम्हाला तिथे एकटा बॅटल टॉवर मिळाला असेल. प्लॅटिनममध्ये टॉवर, फॅक्टरी, आर्केड, कॅसल आणि हॉल अशी पाच ठिकाणे आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. आर्केडमध्ये चक्र फिरवून लढतीची परिस्थिती ठरते, तर हॉलमध्ये एकाच पोकेमॉनवर लढावे लागते. माझा सर्वाधिक वेळ फॅक्टरीने खाल्ला. तिथे आपली वर्षभर वाढवलेली टीम दाराबाहेर ठेवावी लागते. भाड्याच्या सहा पोकेमॉनांमधून तीन निवडायचे, सलग सात लढती जिंकायच्या, आणि प्रत्येक विजयानंतर हवा असल्यास हरलेल्याचा एक पोकेमॉन आपल्या एकाच्या बदल्यात घ्यायचा. लेव्हल वाढवून जिंकण्याची सोय नसल्यामुळे कोणत्या प्रकारासमोर कोणता प्रकार चालतो हे खरोखर येते की नाही, ते इथे उघडे पडते. मे महिन्याची एक सबंध सुट्टी मी फॅक्टरीत घालवली आणि ती वाया गेली असे मला अजूनही वाटत नाही.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या बाजारात बनावट कार्ट्रिज पुष्कळ फिरतात. माझे पहिले प्लॅटिनम तसेच निघाले आणि सातवा बॅज मिळाल्यानंतर एका सकाळी सेव्ह केलेले सगळे नाहीसे झाले. त्यामुळे घेताना शक्य असल्यास आधी सेव्ह करून, मशीन बंद करून, पुन्हा उघडून पाहा. दुसरे असे की, डीएसची इंटरनेट सेवा 20 मे 2014 रोजी बंद झाल्यामुळे जगभरातल्या खेळाडूंशी अदलाबदल आणि वाय-फाय प्लाझा आता चालत नाहीत; समोरासमोर बसून, दोन मशीन जवळ ठेवून केलेली अदलाबदल मात्र आजही चालते.

रोटम या पोकेमॉनचे नवे अवतार हीदेखील प्लॅटिनमचीच देणगी. ओव्हन, वॉशिंग मशीन, फ्रिज, पंखा आणि गवत कापण्याचे यंत्र या पाच वस्तूंत तो शिरतो. परंतु त्या वस्तू असलेल्या खोलीची किल्ली इंटरनेटवरून वाटली जात असे, त्यामुळे आज नव्याने खेळणाऱ्याला ती मिळणार नाही. साधा रोटम मात्र ओल्ड शॅटो नावाच्या जुन्या वाड्यातल्या टीव्हीत आहेच. मशीनच्या घड्याळात रात्रीचे 8 ते पहाटेचे 4 या वेळातच तो सापडतो, तेव्हा गेम सुरू करण्याआधी घड्याळ बरोबर लावून घ्या.