बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर एसडब्ल्यूआर १.७ दिसतो, तरी रेंज का मिळत नाही?

एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेल्या लाटेपैकी किती परत फिरते याचं माप; १ म्हणजे काहीच परत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवर हा मीटर रेडिओ सेटजवळ लावलाय ना? मग तो १.७ एकट्या अँटेनाचा नाही, मधल्या केबलचाही आहे.

केबलमध्ये एक लाट अँटेनाकडे जाते, एक परत येते. परतीचं व्होल्टेज भागिले जाणारं व्होल्टेज म्हणजे परावर्तन गुणांक. अँटेनाच्या टोकाला तो (भार − ५०) ÷ (भार + ५०); भार म्हणजे अँटेनाचा ओहममधला रोध, ५० हा केबलचा. भार १५० ओहम असेल तर गुणांक ०.५, एसडब्ल्यूआर म्हणजे (१ + गुणांक) ÷ (१ − गुणांक), इथे ३. पॉवर मात्र वर्गाने, म्हणजे २५ टक्के परत.

आता खारं पाणी शिरून केबलचा लॉस ३ डीबी (डेसिबल) झाला, म्हणजे निम्मी पॉवर केबलमध्येच गेली, तर परतीची लाट जाऊन-येऊन ६ डीबी झिजते, म्हणजे तिचं व्होल्टेज निम्मं होतं. सेटजवळ गुणांक ०.२५ उरतो, एसडब्ल्यूआर १.६७. २५ वॉटपैकी अँटेनापर्यंत साडेबाराच पोचतात, त्यातलाही पाव भाग परत फिरतो.

तपासायचं असं: केबल अँटेनापासून सोडवा, टोक उघडं ठेवा. १ वॉटवर, १६ (संकटकाळचं चॅनेल) सोडून मोकळ्या चॅनेलवर, क्षणभरच पीटीटी (बोलायचं बटण) दाबा. चांगल्या केबलवर काटा पार टोकाला जातो. ३ वर अडला तर लॉस ३ डीबी. केबलच्या आवरणाखालची तारेची जाळी काळी-हिरवी पडली असेल तर नुसता कनेक्टर बदलू नका. पाणी जाळीतून आत चढलेलं असतं, अख्खी केबल बदला.