गृहपाठासाठी फोन लागतोच, हे आधी तपासून बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सातवीत. गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो म्हणून फोन त्याच्या हातात द्यावा लागतो, मग रात्री साडेअकरापर्यंत रील्स चालू. परवा हिसकावून घेतलात तर दोन दिवस धड जेवला नाही. माझी मुलगी आता कॉलेजात आहे आणि मुलगा नववीत, त्यामुळे हे दिवस मला अजून चांगले आठवतात.

सुरुवात "अभ्यासासाठी लागतो" या वाक्यापासून करा. मुलीच्या वेळी मी बरेच दिवस ते तपासलंच नाही. मग एका रविवारी बसून ग्रुपवरचे महिनाभराचे मेसेज वर सरकवत वाचले. गृहपाठ, सहलीचे पैसे, पालकसभा, गणवेश, सुट्टी. यातलं एकही काम मुलीच्या हातात फोन नाही म्हणून अडणारं नव्हतं. बातम्या शाळेच्या, पण त्या माझ्यासाठी होत्या. तेव्हापासून संध्याकाळी मी ग्रुप बघते आणि गृहपाठ एका वहीत उतरवते. मुलं वही बघतात. आम्ही पाच-सहा पालक मुख्याध्यापिकांनाही भेटलो. गृहपाठ वर्गातच फळ्यावर लिहून द्या, डायरीत उतरवून घ्या आणि ग्रुपवरच्या सूचना संध्याकाळी सहाच्या आत टाका, एवढंच मागितलं. फळ्याचं त्यांनी लगेच मान्य केलं. सहाची वेळ काही पाळली जात नाही, पण रात्री साडेनऊला "उद्या चार्ट आणणे" हा प्रकार बराच कमी झाला.

हा फक्त तुमच्या-माझ्या घरातला प्रश्न नाही. ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची 'असर' नावाची पाहणी होते, तिचा २०२४ चा अहवाल बघा. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी.

आता हिसकावण्याबद्दल. मीही मुलीचा फोन हिसकावला होता, तोही तिच्या मैत्रिणींसमोर. त्यानंतर ती शांत झाली आणि मला वाटलं, जमलं. प्रत्यक्षात ती मैत्रिणीच्या फोनवरून दुसरं खातं चालवत होती आणि मला ते चार महिन्यांनी कळलं. त्या चार महिन्यांत तिच्या आयुष्यात काय चाललंय याची मला काडीचीही माहिती नव्हती. फोन काढून घेण्यापेक्षा तो कधी आणि कुठे असेल हे ठरवणं जास्त टिकतं, असं माझं आता पक्कं मत झालंय. आणि ते मोठ्यांनाही लागू हवं.

यासाठी मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं फार कौतुक वाटतं. कडेगाव तालुक्यातलं हे गाव. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात फोन आले आणि शाळा सुरू झाल्यावरही ते सुटेनात. मग २०२२ च्या १५ ऑगस्टपासून गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठच्या भोंग्याला पुन्हा चालू. मधला दीड तास मुलं अभ्यासाला बसतात. सुरुवातीला घरोघरी फिरून समजावावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळमधल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. तळमळ दोन्ही गावांची खरी, पण मला वडगावची रीत पटते. तिथे आईची मालिकाही बंद होते आणि वडिलांचा फोनही. शेजारच्या घरातही तेच चाललेलं असतं, त्यामुळे "फक्त मलाच का?" असं मुलाला म्हणता येत नाही.

आमच्याकडे भोंगा नाही, कुकर आहे. रात्रीच्या भाताची शिट्टी झाली की चारही फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर जातात आणि तिथेच चार्जिंगला लागतात, सकाळपर्यंत. गजरासाठी साधं घड्याळ आणलं, कारण "मला उठायला गजर लागतो" हे सगळ्यात पहिलं कारण पुढे येतं. सासूबाई गावी एकट्या असतात, म्हणून यांच्या फोनची रिंग चालू ठेवतो. यांना फळीची सवय लागायला मुलांपेक्षा जास्त दिवस लागले. ते रात्री ऑफिसचं बघायला फोन उचलत आणि धाकटा नुसता त्यांच्याकडे बघत राही. त्या बघण्यानेच ते थांबले.

सेटिंग्जचंही विचारलंय तुम्ही. अँड्रॉइड असेल तर गूगलचं फॅमिली लिंक हे अ‍ॅप, आयफोन असेल तर सेटिंग्जमधलं स्क्रीन टाइम. दोन्हीत रात्रीची वेळ लावता येते आणि नवीन अ‍ॅप तुमच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. जरूर लावा, पण त्याच्यासमोर बसून, सांगून लावा. एवढ्यावर भिस्त मात्र ठेवू नका. अ‍ॅप बंद केलं तर मुलं तेच ब्राउझरमध्ये उघडतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या इन्स्टाग्राम खात्यावरचं जन्मवर्ष बघा. तिथे खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात. सातवीतली बरीच मुलं बारा वर्षांची असतात आणि खोटं वर्ष टाकून आत शिरतात. घाईत अठराच्या वरचं वर्ष पडलं असेल तर इन्स्टाग्राम त्याला मोठा माणूस समजतं. अल्पवयीन खात्याला आपोआप मिळणारं संरक्षण, म्हणजे खातं खाजगी असणं, अनोळखी माणसाचे मेसेज न येणं, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प राहणं, यातलं काहीच त्याला लागू होत नाही. तेरा पूर्ण नसतील तर खातं बंद करून वाढदिवसापर्यंत थांबायला सांगा. नुसतं "नाही" म्हणण्यापेक्षा तारीख दिली की मुलं थांबतात, निदान माझा थांबला.

आणि एक गोष्ट आज रात्रीच त्याला सांगा. मुलीच्या वर्गातल्या एका मुलीचा फोटो कुणीतरी बदलून तिलाच पाठवला आणि धमकावलं. ती आठ दिवस एकटी कुढत राहिली. का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, "आईने फोन काढून घेतला असता." हे ऐकून मी त्या रात्री झोपले नाही, कारण माझ्या मुलीनेही हेच उत्तर दिलं असतं. दुसऱ्या दिवशी मी दोघांना शब्द दिला, काहीही वाईट आलं, तुमच्याकडून चूक झाली, तरी मला सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही. हा शब्द मी एकदा फार कठीण प्रसंगी पाळला आणि त्यानंतरच मुलगी माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागली. असं काही घडलंच तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. सायबर तक्रारीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे नंबर त्याच फळीच्या भिंतीवर लिहून ठेवा.

जेवणाच्या रुसव्याला घाबरू नका, पण त्यावर बोलूही नका. ताट वाढून ठेवायचं. फळीची सुरुवात शनिवारी करा, दुसऱ्या दिवशी शाळेची घाई नसते. आमच्याकडे पहिले तीन दिवस फार जड गेले. चौथ्या रात्री धाकट्याने कपाटावरचा कॅरम खाली काढला, त्याच्या सोंगट्या कमी होत्या, म्हणून आम्ही बांगड्यांचे तुकडे लावून खेळलो.

मुख्याध्यापिकांना दिलेल्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. हवी असेल तर सांगा, शाळेचं नाव काढून पाठवते.