पुराआधी औषधांचा साठा कसा लावायचा?

प्रश्न : आमचं युवक मंडळ पावसाळ्यासाठी औषधांचा साठा करतंय. वाळपईत एक मोठी खोली मिळतेय. तेवढी पुरेल का?
– एक वाचक, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : खोली जरूर घ्या, पण सगळं तिथेच कोंबू नका. जुलै २०२१मध्ये म्हादईला पूर आला, तेव्हा सत्तरीतल्या लोकांचे काय हाल झाले ते तुम्ही पाहिलंय. ओआरएस, ड्रेसिंगचं सामान जूनआधीच नदीपलीकडे पोचवा. खोकी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब; आपल्याकडची ओल पुठ्ठा आतून कुजवते. मुदत आधी संपणारं पुढे.

सर्पदंशावरची इंजेक्शनं आरोग्य केंद्राकडेच राहू द्या, तुम्ही गाडी आणि माणूस तयार ठेवा.

इन्सुलिन नेताना मला उन्हाइतकीच बर्फाची धास्ती वाटते. न उघडलेल्या बाटलीला २ ते ८ अंश लागतात आणि एकदा गोठली की ती टाकूनच द्यावी लागते. म्हणून फ्रीझरमधला आइसपॅक थेट डब्यात घालू नका. बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरा, आणि मध्ये पुठ्ठा सरकवा.

गावागावांतल्या रुग्णांची यादी कागदावरही हवी. वीज गेली की मोबाइल किती वेळ टिकणार?