उमेद म्हणजे हसरा चेहरा नव्हे

ताई, चौदा वर्षं गणित शिकवतेय. परवाच्या चाचणीत अर्धा वर्ग अपूर्णांकांत नापास झाला. पेपर तपासताना वाटलं, या मुलांना शिकवून उपयोग नाही आणि मलाही आता जमत नाही. शेजारच्या वर्गावरची नवी शिक्षिका कायम उत्साहात असते. मुख्याध्यापक म्हणतात, "सकारात्मक राहा." मी मुळातच निराशावादी आहे का?
– एक शिक्षिका

बाई, चाचणी एका धड्याची होती. तुम्ही मात्र निकाल लावलात सगळ्या मुलांचा आणि स्वतःच्या चौदा वर्षांचा. मला काळजी वाटते ती याची.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी आशावाद शोधला तो नेमका इथे: अपयश आल्यावर माणूस स्वतःला त्याचं कारण काय सांगतो यात. कारण कायमचं, सगळीकडे लागू पडणारं आणि फक्त आपल्या दोषाचं वाटलं, की हात गळतात. "छेद समान करायची पायरी कच्ची राहिली" असं म्हटलं, तर उद्याच्या तासाला काय घ्यायचं ते दिसतं. तुम्हाला मी निराशावादी म्हणणार नाही. ही विचारांना लागलेली सवय आहे आणि ती बदलता येते.

पण नुसतं बजावून नाही. "सकारात्मक राहा" हे ऐकून तुम्हाला एकटं वाटलं असणार, आणि त्यात तुमची काही चूक नाही. "आपल्याला जमेल" हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये केली. दुसऱ्यांनी दिलेला धीर त्यात आहे, पण सगळ्यात भक्कम आधार म्हणजे आपण स्वतः करून दाखवलेलं काम. तेव्हा तो पेपरांचा गठ्ठा पुन्हा काढा. गुण बघू नका, मुलं कुठल्या पायरीवर अडली तेवढं बघा. बहुतेकांची जी चूक सारखी असेल, तीच एक घ्या. आठवडाभर रोज दहा मिनिटं त्यावर द्या आणि शेवटी चारच गणितं घाला. आधी चुकलेल्यांपैकी जितक्यांना ती आता सुटतील, तितका पुरावा तुमच्या हातात.

तासांचा बोजा, वर्गातली गर्दी, शिकवण्याबाहेरची कामं यांनी तुम्ही दमला असाल, तर तो विचारांचा दोष नव्हे. ते कागदावर मांडून मुख्याध्यापकांपुढे ठेवा. झोप उडाली असेल, शाळेच्या विचारानेच धडधडत असेल, तर डॉक्टरांना भेटायला लाजू नका.

आणि हे ओझं एकटीने वाहू नका. शिक्षणाचे अभ्यासक वेन हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये शाळांचा 'शैक्षणिक आशावाद' मांडला. शिक्षकांचा आपल्या सामूहिक कुवतीवरचा विश्वास, मुलांवर आणि पालकांवर भरवसा, अभ्यासाला दिलेलं महत्त्व, ही तिन्ही मिळून अख्ख्या शाळेची उमेद ठरते, असं ते सांगतात. त्या नव्या शिक्षिकेशी स्वतःची तुलना करत बसू नका. तिच्याकडे उत्साह आहे, पण चौदा वर्षं पाहिलेल्या चुका नाहीत. उद्या तोच गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये तिच्या शेजारी जाऊन बसा.