लेकीच्या ट्रान्सप्लांटसाठी निफाडची द्राक्षबाग विकू का?

दादा, तुमचा मेल रात्री दोनदा वाचला. अडीच वर्षांची लेक, हेपॅटोब्लास्टोमा म्हणजे लहान मुलांतला यकृताचा कॅन्सर, गाठ यकृताच्या चारही भागांत असल्यामुळे नुसती कापून निघत नाही, किमो चालूय आणि मुंबईचे डॉक्टर ट्रान्सप्लांट म्हणतायत, डोनर वहिनी, एस्टिमेट २२ लाख. नाशिकची नोकरी धरून निफाडची दीड एकर बाग विकू का, असं विचारलंय.

आत्ता नका विकू. पण पैशापायी ऑपरेशनची तारीख एक दिवससुद्धा पुढे ढकलू नका, किमोच्या सायकलींच्या हिशोबाने ती ठरलेली असते. अडलेल्या माणसाची जमीन पडत्या भावात जाते, त्यात सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा, तो उतरवून खरेदीखत होईपर्यंत तारीख निघून जाईल.

मेडिक्लेम ५ लाख. पीपीएफचे ६, खातं पाच वर्षांच्या पुढचं आहे ना, मग मुलीच्या गंभीर आजारासाठी मुदतीआधी बंद करता येतं, व्याज एक टक्का कमी पडतं, पडू दे. पीएफमधून आजारपणासाठी ३. दागिने मोडू नका, तारण ठेवून ५ मिळतील. झाले १९. उरलेल्या ३ साठी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला आजच भेटा, मुख्यमंत्री सहायता निधी आणि ट्रस्टचे अर्ज ऑपरेशनच्या आधीच गेले पाहिजेत. नाहीच जमलं तर मेहुणे देतो म्हणालेत ते घ्या, फेब्रुवारी-मार्चला माल निघाला की आधी त्यांचे फेडा.

४ लाखांच्या एफडीला मात्र हात लावू नका, ती ऑपरेशननंतरची आहे. डिस्चार्ज मिळाला तरी काही आठवडे हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहावं लागतं, शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं कायमची, त्याची लेव्हल आणि गाठ परत येते का ते सांगणारं एएफपी बघायला सारखं रक्त तपासायचं. वहिनींचंही पोट उघडणार हो. लेक हात पसरून "घे" म्हणेल आणि त्यांना दीड-दोन महिने तिला उचलता येणार नाही, म्हणून आजीलाही तिकडे न्यायचा खर्च धरा, हा खर्च कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसतो.

पुढे काही गुंतागुंत झाली आणि कमी पडले तर अर्धा एकर विका, तेव्हा मन खाऊ देऊ नका, बाग परत लावता येते. त्यासाठी सोसायटीकडून बोज्याचा आकडा आत्ताच काढून ठेवा. आणि पॉलिसीची पानं पाठवा, डोनरच्या ऑपरेशनचा खर्च त्यात बसतो का ते आजच बघतो.