रसायनशास्त्राची पदवी आणि संग्रहालयातील काम : बडोद्याच्या एका पालकांस उत्तर

सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारातून आलेले आपले पत्र मिळाले. आपली कन्या यंदा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होत आहे आणि पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकण्याचा तिचा हट्ट आहे. आपल्या यजमानांचे म्हणणे असे की, जिथे दारालाच कुलूप लागते तिथे नोकरी कसली मिळणार; त्यापेक्षा तिने बी.एड. करावे. दाखला म्हणून त्यांनी अहमदाबादच्या संस्कार केंद्राकडे बोट दाखवले आहे.

दाखला खरा आहे. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ती वास्तू, तिच्यातील शहराच्या संग्रहालयासह, दुरवस्थेमुळे प्रेक्षकांसाठी बंद करावी लागली. परंतु सगळी कुलुपे एका कारणाची नसतात. १८७७ मध्ये स्थापन झालेले, गुजरातमधील सर्वांत जुने असे भुजचे कच्छ संग्रहालय आणि त्याच गावातील आयना महाल या दोहोंना २००१ च्या भूकंपाचा जबर तडाखा बसला. पुढे दोन्ही ठिकाणी लोकांची ये-जा पुन्हा सुरू झाली, आणि २०२२ मध्ये त्याच भुजमध्ये स्मृतिवन हे भूकंपाचे नवे संग्रहालयही उघडले. वडनगरला उत्खननाच्या जागेलाच लागून उभारलेले संग्रहालय तर २०२५ मधले आहे. आपल्या सयाजीबागेतील चित्रदालनाची इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण महायुद्धामुळे युरोपात खरेदी केलेली चित्रे वेळेवर येऊ शकली नाहीत आणि दालन १९२१ मध्ये खुले झाले. म्हणजे इमारत तयार असूनही सात वर्षे दार बंदच होते.

यजमानांच्या लक्षात आणून द्यावी अशी गोष्ट ही की, दार बंद झाल्याने तिकीटखिडकीचे काम थांबते, वस्तूंचे थांबत नाही. प्रत्येक वस्तू नोंदवहीशी ताडून पाहणे, तिची स्थिती लिहून काढणे, ती बांधून भांडारात हलवणे आणि तिथली आर्द्रता सांभाळणे ही कामे उलट त्याच काळात वाढतात, आणि इथेच आपल्या मुलीचे रसायनशास्त्र कामास येते. १९५१ च्या सुमारास अकोट्यात सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आपल्या बडोदा संग्रहालयात आहेत. त्या तिला एकदा जवळून पाहू द्याव्यात. जुन्या कांस्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी असतो आणि तो खरवडायचा नसतो. मात्र एखाद्या मूर्तीवर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके फुटू लागले, तर धातूत अडकलेले क्लोराइड ओलाव्याच्या संगतीने आतून धातू खात आहे असे समजावे. तो थर कोणता आणि ही भुकटी कोणती, हे ओळखून वेळीच हवा कोरडी ठेवणारा माणूस संग्रहालयाला लागतो. वस्तूवर नोंदणी क्रमांक घालण्यातही हेच शास्त्र आहे : आधी मागच्या बाजूस रंगहीन लॅकरचा पातळ थर, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा एक थर, म्हणजे पुढेमागे तो अ‍ॅसिटोनने पुसून काढता येतो आणि मूळ वस्तूला शाई लागत नाही.

आता कटू भाग. सरकारी पदे थोडी आहेत, जाहिराती वर्षानुवर्षे लांबतात, आणि सुरुवातीची कामे बहुधा कंत्राटी असून त्यांचा मोबदला शाळेतल्या कायम शिक्षिकेच्या पगाराशी तुलना करण्याजोगा नसतो. क्युरेटरच्या, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, पदाची वाट पाहत घरी बसणाऱ्यांना हा अभ्यासक्रम निराश करतो, असे माझे मत आहे. जतनाच्या कामात शिरणाऱ्यांची स्थिती तुलनेने बरी असते, कारण त्यांची गरज सरकारी संग्रहालयांपुरती नसून राजघराण्यांचे संग्रह, ग्रंथालये, जैन ग्रंथभांडारे आणि विश्वस्त संस्था यांनाही असते. म्हणून पदव्युत्तर शिक्षणानंतर लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत प्रशिक्षण मिळवता येते का, याकडे तिने पहिल्या वर्षापासूनच लक्ष ठेवावे.

संग्रहालयशास्त्राचा आपल्या विद्यापीठातील विभाग १९५२ चा, देशातील पहिला. त्यासाठी परगावची मुले इथे खोली शोधत येतात. आपल्या घरून तो रिक्षाच्या अंतरावर आहे. प्रवेशाची पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून नीट वाचून घ्यावी.

बी.एड. दोन वर्षांनीही करता येते, त्यामुळे आज त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. त्याआधी तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या संग्रहालयाच्या भांडारात रीतसर परवानगी घेऊन महिनाभर नोंदींचे काम करावे. दिवसाला चाळीस नाणी मोजून, वजन करून, एकेक ओळ लिहून काढताना तिला चौथ्या दिवशी कंटाळा आला, तर मला पुन्हा पत्र लिहावे, आपण बी.एड.चा अर्ज भरू.

आपला,
करिअर मार्गदर्शक